खाट रिकामी झाल्यानंतरचे उपचार : भौतिकोपचार विभागाची ओळख

आपल्या संस्थेच्या वार्षिक अहवालात दरवर्षी रुग्णालयातील एका विभागाच्या कार्याचा सविस्तर परिचय करून देण्याचा प्रघात आहे. यंदा त्यासाठी भौतिकोपचार, म्हणजेच रुग्णांच्या बोलण्यातील फिजिओथेरपी, या विभागाची निवड करण्यात आली आहे. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, औषधालयाच्या पलीकडे असलेला हा विभाग बहुतेक देणगीदारांनी येता-जाता पाहिलेला असतो. दोन समांतर कठड्यांमधून एखादे आजोबा पाऊल टाकीत असतात, कोणी भिंतीवरील लाकडी चाक हाताने फिरवीत असते, एखादी आई मांडीवरील मुलाला मान धरण्यास शिकवीत असते. हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. मात्र त्यामागील शास्त्र, शिक्षण आणि श्रम यांची माहिती फारच थोड्यांना असते.

विभागातील रुग्णसंख्या आणि उत्पन्न-खर्चाचे आकडे परिशिष्टात दिलेले असल्याने त्यांची येथे पुनरुक्ती केलेली नाही. भौतिकोपचारतज्ज्ञ कसा घडतो, तो रुग्णाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो आणि त्याच्या कामाचे मोल हिशेबाच्या वहीत पुरतेपणी का उमटत नाही, एवढेच सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या विभागाविषयीचा एक प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे विचारार्थ ठेवलेला आहे. त्याची पार्श्वभूमी सर्वांना ज्ञात असावी, हेही या लेखनाचे एक कारण होय. लेखात रुग्णांची अथवा कर्मचाऱ्यांची नावे दिलेली नाहीत. रुग्णांच्या बाबतीत तो नियम आहे, आणि विभागप्रमुख बाईंच्या बाबतीत ती त्यांची इच्छा आहे.

एका शास्त्राची वाटचाल

मालिश, शेक आणि व्यायाम हे उपाय मानवास फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. त्यांना व्यवसायाची शिस्त मात्र अलीकडे लाभली. इंग्लंडमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित मर्दनकर्त्यांची एक संस्था स्थापन केली. त्या काळी मालिशच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांपासून आपल्या कामाची प्रतिष्ठा जपणे हा त्यांचा उद्देश होता. पुढे दोन महायुद्धांतून हजारो जखमी सैनिक परतले. शस्त्रवैद्याने प्राण वाचवले, परंतु हातपाय पुन्हा कामाचे कोणी करावयाचे, हा प्रश्न उभा राहिला आणि त्या प्रश्नाच्या उत्तरातून आजचे भौतिकोपचार शास्त्र आकारास आले.

आपल्या देशात या शास्त्राला चालना मिळाली ती प्रामुख्याने पोलिओमुळे. १९५०च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईतील के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण देणारी देशातील पहिली शाळा सुरू झाली. तिच्या उभारणीस जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य होते. १९५५ साली भारतीय भौतिकोपचारतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी मुंबईत हाजीअली येथे अखिल भारतीय शारीरिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेचा प्रारंभ झाला. म्हणजे या विद्येचे भारतातील मूळ आपल्याच राज्यात रुजले आहे, ही गोष्ट अभिमानाने नमूद करण्याजोगी आहे.

पोलिओचा देशातील शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. ज्या रोगाने या विभागांना जन्म दिला तो रोग गेला, तरी विभागातील गर्दी कमी झाली नाही. तिचे स्वरूप पालटले. आज तेथे पक्षाघात झालेले पन्नाशीतील गृहस्थ असतात, दुचाकीच्या अपघातातून वाचलेले तरुण असतात, मधुमेहामुळे खांदा आखडलेल्या गृहिणी असतात आणि गुडघ्याचे सांधे बदललेले ज्येष्ठ नागरिक असतात.

पदवीपासून विभागापर्यंत

भौतिकोपचारतज्ज्ञ म्हणजे शेक देणारा किंवा 'लाईट लावणारा' तंत्रज्ञ, असा समज अद्यापही सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. विज्ञान शाखेतून जीवशास्त्रासह बारावी झाल्यावर या अभ्यासक्रमास प्रवेश मिळतो. आज रुग्णालयांतून काम करणाऱ्या पिढीने आपल्या राज्यात बी.पी.टीएच. ही पदवी घेतली ती चार वर्षांचे अध्ययन आणि सहा महिन्यांची आंतरवासिता पूर्ण करून. आरंभी शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय वैद्यकीय विद्यार्थ्यांप्रमाणेच शिकावे लागतात. त्यानंतर हालचालींचे यंत्रशास्त्र, व्यायामोपचार, विद्युतोपचार, आणि पुढे अस्थिरोग, मेंदूविकार, हृदय व श्वसनविकार, बालरोग अशा शाखांतील रुग्णांचे परीक्षण येते. पदव्युत्तर शिक्षण आणखी दोन वर्षांचे असते व त्यात एका शाखेत विशेष प्रावीण्य मिळवावे लागते. या व्यवसायासाठी महाराष्ट्राने २००२ साली स्वतंत्र परिषदेचा कायदा केला. २०२१ साली केंद्रीय पातळीवर संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी कायदा झाला व त्यात भौतिकोपचाराचा समावेश करण्यात आला.

आपल्या विभागप्रमुख बाईंचा प्रवास या शिक्षणक्रमाचेच एक उदाहरण आहे. तालुक्याच्या गावातून शिक्षणासाठी शहरात आलेल्या बाई आंतरवासिता संपल्यावर आपल्या रुग्णालयात कनिष्ठ पदावर रुजू झाल्या. पहिली काही वर्षे त्यांनी अस्थिरोग कक्षात काढली. प्लास्टर निघालेले हात, बसवलेले खुबे, ताणून ठेवलेले पाय हे त्यांचे रोजचे काम होते. तेथे त्यांना सांध्यांची नेमकी ओळख झाली. त्यानंतर अतिदक्षता विभागात त्यांची नेमणूक झाली. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णाच्या छातीतील कफ मोकळा करणे, बेशुद्ध रुग्णाचे सांधे आखडू न देणे, ही कामे तेथे रात्री-अपरात्रीही करावी लागत. पक्षाघाताचे रुग्ण पाहता पाहता मेंदूविकारांतील भौतिकोपचार हा आपला विषय आहे, असे त्यांना वाटू लागले. रुग्णालयाच्या सेवेतून रजा घेऊन त्यांनी त्या शाखेत पदव्युत्तर पदवी मिळवली आणि त्या पुन्हा येथेच रुजू झाल्या.

'पुन्हा येथेच' हे शब्द हेतुपुरस्सर लिहिले आहेत. या पात्रतेच्या व्यक्तीस खासगी व्यवसायात अथवा परदेशात आपल्या वेतनश्रेणीहून पुष्कळ अधिक प्राप्ती होऊ शकते. त्यांच्या बरोबरीचे अनेक जण त्या वाटेने गेले व त्यात गैर काही नाही. बाई का थांबल्या, असे त्यांना विचारले असता त्या म्हणतात की येथे रुग्ण कक्षात दाखल झाल्यापासून घरी कामाला लागेपर्यंत पाहावयास मिळतो. इतरत्र तो मधल्याच एखाद्या टप्प्यावर भेटतो आणि तेथेच निरोप घेतो.

केसपेपरवरील पहिली ओळ

विभागात नवीन रुग्ण आला की तपासणीपूर्वी त्याला एक प्रश्न विचारला जातो : "तुम्हांला पुन्हा काय करायचे आहे?" मिळालेले उत्तर रुग्णाच्याच शब्दांत केसपेपरच्या पहिल्या ओळीवर लिहिले जाते. रोगाचे नाव त्याखाली येते. ही पद्धत बाईंनी घालून दिली आणि आता विभागातील सर्वजण ती पाळतात.

उत्तरे साधी असतात. पक्षाघाताने उजवा हात दुबळा झालेल्या एका मावशींनी सांगितले, "भाकरी थापता आली पाहिजे." मनगटाचे हाड मोडलेल्या एका रिक्षाचालकाने सांगितले, "क्लच दाबता आला पाहिजे." गुडघ्यांचे सांधे बदललेल्या एका वारकरी आजोबांना पुन्हा दिंडीबरोबर चालावयाचे होते. या उत्तरांवरून उपचाराची आखणी होते. भाकरी थापण्यासाठी खांदा स्थिर असावा लागतो, कोपर सरळ होऊन परत वाकावे लागते, मनगट मागे उचलले जावे लागते आणि पंजा उघडावा लागतो. यातील नेमके काय अडते आहे, ते बाई तपासतात व तेवढ्याचा सराव प्रथम घेतात. नंतर परातीत प्रत्यक्ष पीठ घेऊन तीच कृती पुन्हा पुन्हा करून घेतात. मेंदूच्या इजेनंतर गमावलेले कौशल्य परत मिळवण्यास त्याच कृतीची पुनःपुन्हा आवृत्ती सर्वांत उपयोगी पडते, हे अलीकडील संशोधनाने चांगलेच प्रस्थापित केले आहे. दहा-वीस आवृत्त्यांनी भागत नाही, शेकड्यांनी कराव्या लागतात. रबरी चेंडू दाबण्याचा कंटाळा लवकर येतो. भाकरीचा येत नाही, कारण ती शेवटी घरच्यांच्या ताटात पडते.

रिक्षाचालकाच्या उपचारासाठी विभागात एक अनोखे साधन आहे. एका गॅरेजमालकाच्या आईवर येथे उपचार झाले होते. त्यांनी रिक्षाचे एक जुने हँडल लाकडी चौकटीवर बसवून भेट दिले. डाव्या मुठीत क्लच दाबून त्याच मुठीने गिअर फिरवणे ही क्रिया मोडलेल्या मनगटास किती अवघड असते, ते त्यावर हात ठेवल्यावरच कळते. विभागातील सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी ही एक असून तिचा वापर मात्र रोज होतो.

प्रत्येक इच्छा पूर्ण करता येतेच असे नाही, आणि ते स्पष्टपणे सांगणे हाही उपचाराचाच भाग आहे. सपाट चालण्यास गुडघा साधारण ६० ते ७० अंशांत वाकला तरी पुरतो, जिन्यास ९० अंशांच्या आसपास लागतात, तर उकिडवे बसण्यास १२० अंशांहून अधिक. बदललेल्या सांध्यावर इतका भार टाकणे सहसा हितावह नसते. म्हणून वारकरी आजोबांना चालण्याची तयारी करून देताना जमिनीवर बसून पंगतीत जेवता येणार नाही, हेही त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आले. आजोबा काहीसे खट्टू झाले. परंतु घडीची खुर्ची बरोबर घेऊन टप्प्याटप्प्याने चालण्यास त्यांनी संमती दिली. खोटी आशा दाखवल्यास रुग्ण काही दिवस खूश राहतो आणि नंतर उपचारच सोडून देतो, असा विभागाचा अनुभव आहे.

प्रगतीची मोजणीही काटेकोर असते. सांधा किती अंशांत वळतो ते गोनिओमीटरने मोजतात. स्नायूची ताकद ० ते ५ अशा श्रेणीत नोंदवतात : ० म्हणजे हालचालीचा लवलेशही नाही, ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव उचलता येतो, ५ म्हणजे पूर्ण ताकद. तोल तपासण्यासाठी १४ कृतींची व ५६ गुणांची एक प्रमाणित चाचणी आहे. रुग्णाला स्वतःची सुधारणा बहुधा जाणवत नाही, कारण तो रोज स्वतःलाच पाहत असतो. अशा वेळी मागील पंधरवड्याचा आकडा दाखवला की त्याचा हुरूप टिकतो. हिशेबनिसास ही पद्धत विशेष भावते, हे येथे नमूद करावेसे वाटते.

विश्रांती किती असावी?

'आजारी माणसाने पडून राहावे' ही आपल्याकडील पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. तिच्यामागे माया असते. परंतु अंथरुणाला खिळून राहण्याची किंमत शरीराला मोठी मोजावी लागते. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे संपूर्णपणे अंथरुणात ठेवून त्यांच्या शरीराच्या कार्यक्षमतेची तपासणी करण्यात आली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा चाचणी झाली. तेव्हा असे दिसले की तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांची क्षमता जितकी घटली होती, त्याहून अधिक ती त्या तीन आठवड्यांच्या निजण्याने घटली होती. निरोगी तरुणाची ही गत, तर सत्तरीतील रुग्णाचे काय होत असेल, याची कल्पना करता येईल.

म्हणूनच भौतिकोपचारतज्ज्ञाचे काम शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी, कित्येकदा त्याच दिवशी सुरू होते. पोटाच्या अथवा छातीच्या शस्त्रक्रियेनंतर टाके दुखतात म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही व खोकणे टाळतो. त्यामुळे फुप्फुसाच्या तळाशी कफ साचून न्यूमोनिया होण्याचा धोका निर्माण होतो. टाक्यांवर उशी धरून खोकण्यास शिकवणे, तीन गोळ्यांच्या स्पायरोमीटरचा सराव करून घेणे, खाटेच्या कडेला पाय सोडून बसवणे, ही कामे दिसावयास किरकोळ असली तरी त्यांमुळे मोठ्या गुंतागुंती टळतात. २०२० व २०२१ मधील करोना साथीच्या काळात श्वास लागलेल्या रुग्णांना पालथे झोपवणे, श्वासावर ताबा ठेवण्यास शिकवणे आणि बरे होऊ लागल्यावर हळूहळू चालते करणे ही जबाबदारी याच विभागाने परिचारिकांच्या खांद्याला खांदा लावून पार पाडली.

याचा अर्थ घाई करावी, असा मात्र नव्हे. पक्षाघातानंतर पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार व दीर्घकाळ उठवल्यास लाभ होतो का, याची पाच देशांतील दोन हजारांहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. इतक्या लवकर इतके अधिक उठवण्याने फायदा न होता उलट परिणाम काहीसा प्रतिकूल झाल्याचे त्यात आढळले. तेव्हापासून आरंभीच्या एक-दोन दिवसांत थोडा वेळ, बेताने आणि रुग्णाची प्रकृती पाहून उठवण्याकडे कल आहे. कधी हलवावे, किती हलवावे आणि कधी थांबावे, हा निर्णय घेता यावा यासाठीच तर एवढी वर्षे शिक्षण घ्यावे लागते.

उरलेले साडेतेवीस तास

बाह्यरुग्ण विभागातील एक बैठक साधारण अर्ध्या तासाची असते. दिवसाचे उरलेले साडेतेवीस तास रुग्ण घरी असतो. तेव्हा उपचाराचा फार मोठा वाटा नातेवाइकांच्या हाती असतो, हे बाई प्रत्येक कुटुंबास पहिल्याच भेटीत समजावून सांगतात. रुग्णासमवेत येणाऱ्या व्यक्तीस त्या बाहेरच्या बाकावर बसू देत नाहीत. आत बोलावून तिच्याकडून प्रत्येक कृती एकदा करून घेतात. त्यांच्या नेहमीच्या सूचनांपैकी काही येथे देत आहोत. त्या सर्वसाधारण स्वरूपाच्या आहेत. आपल्या रुग्णाविषयी उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचा सल्लाच अंतिम मानावा.

पक्षाघाताच्या रुग्णास उठवताना दुबळा हात धरून ओढू नये. त्या खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असल्याने सांधा निसटतो आणि पुढे कित्येक महिने वेदना होत राहतात. रुग्ण बसलेला असताना तो हात लोंबता न ठेवता उशीवर अथवा मांडीवर ठेवावा. जो रुग्ण स्वतः कूस बदलू शकत नाही, त्यास साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे. अन्यथा पाठीवर व टाचांवर व्रण पडतात.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर गुडघ्याखाली उशी ठेवल्यास फार बरे वाटते आणि नेमके तेच टाळावयाचे असते. गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडला तर पाय सरळ होत नाही व चालणे कायमचे लंगडे होते. भाजलेल्या रुग्णांच्या बाबतीत हाच नियम अधिक कठोरपणे लागू पडतो : ज्या स्थितीत आराम वाटतो, त्याच स्थितीत कातडी आखडते.

स्पायरोमीटरचे गोळे फुंकून उचलावयाचे नसतात, श्वास आत ओढून उचलावयाचे असतात. पुष्कळ घरांत आठवडाभर उलटाच सराव चाललेला आढळतो.

साध्या कंबरदुखीत, गंभीर कारण नसल्याची डॉक्टरांनी खात्री करून घेतल्यावर, दीर्घ विश्रांती घेऊ नये. सोसवेल तितकी नेहमीची कामे चालू ठेवावीत. हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंथरुणात विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाल्याचे दिसून आले होते.

शेवटची सूचना शेक आणि 'करंट' यांविषयी. या उपकरणांमुळे वेदना काही काळ कमी होते व त्या अवधीत व्यायाम करणे सुकर होते, एवढाच त्यांचा मर्यादित उपयोग आहे. शेक घेऊन व्यायाम न करता घरी जाणे म्हणजे जेवणासाठी हात धुऊन पानावर न बसताच उठणे होय, असे बाई हसत हसत सांगतात.

जमाखर्चाच्या पलीकडे

आता देणगीदार व विश्वस्त यांच्यासाठी थोडे. रुग्णालयाच्या बहुतेक विभागांत खर्चाचा मोठा भाग औषधे, साहित्य व यंत्रसामग्री यांवर होतो. भौतिकोपचार विभागात तो वेतनावर होतो. शस्त्रक्रियेचे शुल्क एकदाच आकारले जाते, मात्र तीच शस्त्रक्रिया सार्थकी लागण्यास पुढे कित्येक बैठका लागतात व प्रत्येक बैठकीचे शुल्क अल्प असते. गरजू रुग्णांना तेही माफ होते. परिणामी ताळेबंदात हा विभाग तुटीचा दिसतो. परंतु बदललेला गुडघा वाकला नाही, जोडलेल्या हाताची मूठ वळली नाही, तर त्यापूर्वी झालेला सारा खर्च वाया जातो, आणि हा तोटा कोणत्याही खात्यावर नावे पडत नाही. तो रुग्णाच्या घरात पडतो.

धर्मादाय रुग्णालयांना लागू असलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, तसेच एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. आपले रुग्णालय हे कर्तव्य निष्ठेने पार पाडत आहे. तथापि राखीव जागांची ही मोजणी खाटांवर होते आणि भौतिकोपचाराचे सर्वांत मोठे काम खाट रिकामी झाल्यानंतर सुरू होते. पक्षाघातातील सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते. नेमक्या त्याच काळात रोजंदारीवर पोट असलेले कुटुंब रुग्णाला येथवर आणू शकत नाही. रुग्णाचे येण्या-जाण्याचे भाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी मिळून होणारा खर्च आपल्या माफ केलेल्या शुल्काहून कितीतरी अधिक असतो. उपचार विनामूल्य असूनही ते रुग्णाला परवडत नाहीत, अशी ही विचित्र अवस्था आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर येणे थांबलेले असे रुग्ण अनेकदा सहा महिन्यांनी आखडलेला खांदा व मिटलेली मूठ घेऊन परततात. त्या वेळी आमच्या हाती फारसे काही उरलेले नसते.

देणगीदारांचा कल स्वाभाविकपणे यंत्रांकडे असतो. यंत्रावर नामफलक लावता येतो, त्याचे उद्घाटन करता येते, आणि अशा देणग्यांमुळेच आपला विभाग सुसज्ज झाला आहे, याबद्दल संस्था कृतज्ञ आहे. परंतु यंत्राचा घसारा खरेदीच्या वर्षापासूनच मांडावा लागतो. कुशल माणसाचे मूल्य मात्र वर्षागणिक वाढत जाते. आजमितीस या विभागास नव्या यंत्रापेक्षा माणसांच्या वेळेची निकड अधिक आहे.

विश्वस्तांपुढील प्रस्ताव

उपरोक्त अडचण लक्षात घेऊन विभागाने तीन गोष्टी सुचवल्या आहेत.

पहिली, रुग्णालय सोडून घरी गेलेल्या रुग्णांकडे जाऊन उपचार करण्यासाठी एका पूर्णवेळ भौतिकोपचारतज्ज्ञाचे पद निर्माण करावे. घरी गेल्यावर उंबरठा किती उंच आहे, न्हाणीघरात धरावयास काही आहे की नाही, खाट भिंतीला कोणत्या बाजूने लागून आहे, अशा गोष्टी प्रत्यक्ष दिसतात. एक दांडा योग्य जागी बसवल्याने एखादे पडणे व त्यातून होणारे खुब्याचे हाड मोडणे टळू शकते.

दुसरी, ज्यांना विभागातच यावे लागते अशा गरजू रुग्णांसाठी व त्यांच्या सोबत्यासाठी प्रवासखर्चाचा एक छोटा स्वतंत्र निधी असावा. त्याचा विनियोग पहिल्या तीन महिन्यांपुरता मर्यादित ठेवावा व त्याचा हिशेब दरवर्षी या अहवालात प्रसिद्ध करावा.

तिसरी, कनिष्ठ भौतिकोपचारतज्ज्ञांना पदव्युत्तर शिक्षणासाठी रजा व अंशतः साहाय्य मिळावे आणि त्यांनी परत येऊन ठरावीक काळ सेवा करावी, असा करार असावा. बाईंना जी संधी मिळाली, ती त्यांच्यानंतरच्या पिढीस मिळाली नाही तर त्यांच्या निवृत्तीनंतर हा विभाग केवळ यंत्रांची खोली होऊन राहील.

या तिन्ही बाबींसाठी कायम ठेवीच्या स्वरूपात निधी उभारून त्याच्या व्याजातून खर्च भागवावा, असे प्रशासनाने मंडळास सुचवले आहे. आजवर आपण जो विश्वास व औदार्य दाखवले, त्या बळावरच हा विचार मांडण्याचे धाडस होत आहे. देणगीच्या पावतीवर 'भौतिकोपचार सेवा निधी' असा उल्लेख केल्यास ती रक्कम याच कारणासाठी राखून ठेवली जाईल.

विभाग सकाळी व सायंकाळी अशा दोन्ही वेळांत खुला असतो. देणगीदार व हितचिंतक यांनी सवडीने येऊन तेथील काम अवश्य पाहावे. येणाऱ्यास त्या रिक्षाच्या हँडलवर मनगट आजमावून पाहण्यासही मुभा आहे.

— प्रशासकीय अधिकारी